उपग्रहाद्वारे घरी इंटरनेट : कोणी घ्यावे व कोणी थांबावे

ठाणे जिल्ह्याचा नकाशा पाहिला असता त्याचे दोन भाग सहज ध्यानी येतात. पश्चिमेकडील ठाणे, डोंबिवली व कल्याण या शहरांत इमारतीच्या जिन्यापर्यंत फायबरची तार आलेली आहे. एका पुरवठादाराची सेवा पसंत पडली नाही तर दुसऱ्याकडे जाण्याची सोयही तेथे असते. पूर्वेकडे मुरबाड व शहापूर तालुक्यांत मात्र जसजसे सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावे, तसतशी वस्ती विरळ होते, पाडे दूर दूर पडतात आणि डोंगराच्या आडोशामुळे मोबाईलची रेंज तुटत जाते. एका बाजूस इंटरनेटची विपुलता व दुसऱ्या बाजूस दुर्भिक्ष, अशी ही स्थिती आहे.

शेतीच्या कामांशी या गोष्टीचा आता निकटचा संबंध आला आहे. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करावयाची असते. पीएम-किसानची ओळख पडताळणी, महाडीबीटीवरील अवजारांचे व ठिबकाचे अर्ज, पीक विमा, हवामानाचा अंदाज, ही सर्व कामेही इंटरनेटवरच होतात. रेंज नसलेल्या पाड्यावरील शेतकऱ्यास यांपैकी प्रत्येक कामासाठी टेकडी चढावी लागते किंवा तालुक्याच्या गावी खेप घालावी लागते. लावणीच्या दिवसांत अशी एक खेप म्हणजे एका दिवसाचे काम बुडणे होय. नोंद वेळेत न झाल्यास होणारे नुकसान याहून मोठे असते.

अशा परिस्थितीत ‘घरावर छत्री बसविली की आभाळातून इंटरनेट येते’ ही वार्ता गावोगावी पोहोचली आहे आणि शेतकरी बंधू त्याविषयी चौकशी करू लागले आहेत. ही वार्ता खरी आहे. परंतु जी गोष्ट खरी असते ती प्रत्येकास हितकारक असतेच असे नाही. उपग्रहाचे इंटरनेट कोणास उपयोगी पडेल, ते घेण्यापूर्वी कोणत्या बाबी तपासाव्यात आणि पाड्याने मिळून ते कसे घ्यावे, याचे विवेचन या लेखात केले आहे.

पूर्वपीठिका

नवे प्रसारसाधन शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. गावात एक रेडिओ, त्याभोवती जमलेले शेतकरी आणि कार्यक्रमानंतर आपसांत चर्चा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यातच हे ठिकाण आहे. तेथील छत्रीचा व्यास सुमारे ३० मीटर होता. आज तेच कार्य घराच्या छपरावर मावणारी छत्री करते, यावरून या शास्त्राची प्रगती लक्षात यावी.

ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि त्या प्रयोगातूनही श्रोतृमंडळांचाच धडा मिळतो. महाग साधन प्रथम गावात एक आले आणि ते सर्वांनी मिळून वापरले. आजच्या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक पाड्यांपुरते याच धड्यात आहे.

दूरचे उपग्रह व जवळचे उपग्रह

घरी दूरदर्शनसाठी बसविलेली छत्री केवळ ऐकते. ती उलट काही बोलत नाही. इंटरनेटची छत्री ऐकते आणि बोलतेही. आपण मोबाईलवर केलेली मागणी छत्रीमार्फत उपग्रहाकडे जाते, उपग्रह ती भूकेंद्राकडे उतरवितो, भूकेंद्र ती जमिनीवरील इंटरनेटच्या जाळ्यास देते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते.

हे उपग्रह मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. ते पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे आपल्याला आकाशात एकाच जागी स्थिर भासतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे २०१८ मध्ये सोडलेले जीसॅट-११ व जीसॅट-२९ हे उपग्रह या प्रकारचे होत. अशा उपग्रहांवरून चालणारी व्हीसॅट नावाची सेवा बँकांच्या शाखा, एटीएम व दुर्गम भागांतील कार्यालये अनेक वर्षे वापरीत आहेत. ठाणे जिल्ह्यातून जीसॅट-११ हा उपग्रह जवळजवळ नेमक्या दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंचीवर येतो. म्हणून त्याच्या छत्रीला दक्षिणेकडील आकाशाचा थोडाच भाग मोकळा असला तरी पुरतो. परंतु अंतर फार असल्यामुळे मागणी जाऊन उत्तर येण्यास किमान अर्धा सेकंद लागतो. अर्ज भरणे, हवामान पाहणे, पैसे पाठविणे यांत ही दिरंगाई जाणवत नाही. समोरासमोरच्या व्हिडिओ संभाषणात मात्र ती जाणवते.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह पुष्कळ खाली फिरतात. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५०० किलोमीटरच्या आसपास, तर वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. वनवेबचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोटा येथून आपल्याच प्रक्षेपकाने वर नेले. जवळच्या उपग्रहांमुळे उत्तर फार लवकर येते. परंतु यांपैकी कोणताही उपग्रह आपल्या डोक्यावर काही मिनिटेच असतो, आणि तो गेला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी लागते. त्यामुळे असे उपग्रह शेकड्यांनी, स्टारलिंकच्या बाबतीत तर हजारांनी सोडावे लागतात. छत्रीसही आकाशाचा मोठा भाग मोकळा लागतो, कारण तिला सतत एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे वळावे लागते.

पाटाच्या पाण्याचा दृष्टांत

एका उपग्रहाकडून एका भागास मिळणारे इंटरनेट हे पाटाच्या पाण्यासारखे आहे. पाटात येणारे पाणी ठरलेले असते. चार शेतकऱ्यांनी ते घेतले तर प्रत्येकाचे वाफे भरतात; चारशे शेतकऱ्यांनी एकाच वेळी दारे उघडली तर कोणाचाच वाफा भरत नाही. फायबरची तार ही याउलट आपल्याच विहिरीसारखी आहे. तिच्यावरील वाटेकरी कमी असतात आणि तिची क्षमताही कितीतरी अधिक असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे वस्ती दाट आहे तेथे उपग्रहाचे इंटरनेट गैरसोयीचे असते आणि जेथे वस्ती विरळ आहे तेथेच ते शोभते. डोंबिवली वा कल्याण येथील सदनिकेत राहणाऱ्याने जिन्यातील तार सोडून छत्री घेणे म्हणजे दारातील विहीर टाकून दूरच्या पाटाचे पाणी आणण्यासारखे आहे. शिवाय तेथे उंच इमारतींमुळे खिडकीतून आकाश अपुरे दिसते आणि गच्चीवर छत्री बसविण्यास गृहनिर्माण संस्थेची संमती लागते. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने ‘मी येथे पाहिले, तुम्हीही घ्या’ असे सांगितले, एवढ्यावरून गावच्या घरासाठी निर्णय घेऊ नये. तसेच गावच्या गरजेवरून शहरातील घरासाठीही तो घेऊ नये.

आधी तार, मग टॉवर, शेवटी आकाश

घरी इंटरनेट हवे असल्यास पुढील क्रमाने चौकशी करावी.

पहिली चौकशी तारेची. देशातील ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. तीच आज भारतनेट या नावाने ओळखली जाते. आपल्या ग्रामपंचायतीत ही तार आली आहे काय, आली असल्यास चालू आहे काय आणि तेथून घरोघरी जोडणी कोण देतो, हे ग्रामपंचायत कार्यालयात विचारावे. तार पंचायतीत येऊन बंद पडली असेल, तर प्रथम ती दुरुस्त करवून घेण्याचा पाठपुरावा करावा. तो नव्या छत्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

दुसरी चौकशी टॉवरची. घरात रेंज येत नसली तरी छपरावर किंवा अंगणातील उंच खांबावर ती येत असल्याचे पुष्कळदा आढळते. अशा ठिकाणी सिमकार्डावर चालणारा राउटर व दिशादर्शी अँटेना बसवून काम भागते. मात्र रेंज वाढविणारे यंत्र म्हणून बाजारात विकले जाणारे बूस्टर परवानगीवाचून बसवू नयेत. ते बेकायदा तर आहेतच, शिवाय त्यांच्यामुळे शेजाऱ्यांची रेंज बिघडते. २०२२ मध्ये केंद्र शासनाने रेंज न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४-जी सेवा नेण्याची योजना मंजूर करून ते काम बीएसएनएलकडे सोपविले. आपले गाव त्या यादीत आहे काय, याचीही विचारणा करावी.

या दोन्ही वाटा बंद असतील, तरच आकाशाकडे पाहावे.

जागेची परीक्षा

बी पेरण्यापूर्वी आपण जमीन पाहतो, तद्वत छत्री घेण्यापूर्वी जागा पाहावी. चार बाबी तपासणे अगत्याचे आहे.

(१) मोकळे आकाश : ज्या जागी छत्री बसवावयाची तेथे उभे राहून चहूकडे पाहावे. आंबा, साग, ऐन यांच्या फांद्या किंवा डोंगराचा कडा आकाशाचा किती भाग झाकतो ते पाहावे. जवळच्या उपग्रहांच्या छत्रीस फांदीचा लहानसा अडथळाही दर थोड्या वेळाने सेवा तोडण्यास पुरेसा होतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो व पावसाळ्यात त्याला मोठी पाने येतात, हे विसरू नये. फळते आंब्याचे झाड छत्रीसाठी तोडण्यापेक्षा छत्रीच अंगणाच्या दुसऱ्या टोकास न्यावी.

(२) पाऊस : उपग्रहाचे तरंग सुमारे १ ते ३ सेंटीमीटर लांबीचे असतात आणि पावसाचे थेंब त्यांना शोषतात व विखुरतात. रिमझिम पावसाने फारसे बिघडत नाही. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी पडणाऱ्या मुसळधार सरीत सेवा काही काळ मंदावते किंवा तुटते व सर ओसरताच पूर्ववत होते. दूरदर्शनच्या छत्रीवरून हा अनुभव सर्वांस आहेच. खरीप पिकांची नोंदणी नेमकी पावसाळ्यातच येते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसावर काम ठेवू नये. उघडीप मिळताच ते उरकावे.

(३) वीज : स्टारलिंकसारख्या सेवेची नेहमीची छत्री व राउटर मिळून ७५ वॅट वा त्याहून अधिक वीज घेतात. ७५ वॅट धरले तरी दिवसरात्र चालू ठेवल्यास रोज १.८ युनिट, म्हणजे महिन्यास ५४ युनिट होतात. पुष्कळ लहान घरांच्या वीजबिलात ही भर उपेक्षणीय नाही. गरज नसताना यंत्र बंद ठेवावे. वीज जाण्याचे प्रमाण अधिक असल्यास इन्व्हर्टर लागतो. चांगल्या स्थितीतील १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास बॅटरी केवळ याच कामास वापरली तर सुमारे १० ते १२ तास पुरते. तिचाही खर्च हिशोबात धरावा.

(४) बांधणी : कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर छत्री कसू नये. कौले सरकतात, पत्रा तडकतो आणि पहिल्याच पावसात घर गळू लागते. भक्कम भिंतीस किंवा अंगणात काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी नळास ती बसवावी. वळवाच्या वाऱ्याने छत्री हलली तर स्थिर उपग्रहाशी असलेला तिचा नेम चुकतो. खांबास योग्य अर्थिंग करावे आणि विजा चमकू लागताच यंत्राची पिन काढून ठेवावी. तार उघडी सोडल्यास उंदीर कुरतडतात व माकडे ओढतात. म्हणून ती प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी.

खर्चाचा हिशोब

या सेवेत यंत्राची किंमत एकदा व वर्गणी दरमहा द्यावी लागते. निर्णय वर्गणीवरून घेऊ नये. यंत्र, बसविण्याचा खर्च, वीज व वर्गणी यांचा तीन वर्षांचा एकत्र हिशोब करावा. हिशोबाची रीत समजावी एवढ्यासाठी आपण काही आकडे कल्पू. यंत्र ३०,००० रुपये व वर्गणी दरमहा ३,००० रुपये मानली, तर तीन वर्षांचा खर्च १,३८,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ३,८३३ रुपये पडतो. हा भार एका अल्पभूधारक भातशेतकऱ्यास परवडणारा नाही. तोच बारा कुटुंबांनी वाटून घेतला तर प्रत्येकी दरमहा सुमारे ३२० रुपये होतो आणि मग तो विचारात घेण्याजोगा ठरतो.

त्याचबरोबर वापराचीही शिस्त लागते. एका अर्जास फार थोडा डेटा लागतो. परंतु साध्या प्रतीचा व्हिडिओ तासभर पाहिल्यास सुमारे १ जीबी खर्च होतो. वर्गणीस डेटाची मर्यादा असेल, तर करमणुकीने ती आठवड्यात संपेल आणि शेतीच्या कामास काही उरणार नाही. पाण्याच्या पाळ्या ठरवितो तशा वापराच्या वेळा ठरवाव्यात : सकाळी शेती व शासकीय कामे, दुपारी शाळा, सायंकाळी इतर वापर.

पाड्याने मिळून एक छत्री घ्यावयाची तर ती शाळा, ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा महिला बचत गट यांच्या नावे, संस्थेसाठी असलेल्या योजनेतून घ्यावी. घरगुती जोडणी घेऊन तिचे इंटरनेट शेजाऱ्यांस विकणे बहुधा कराराविरुद्ध असते. गावातील लहान दुकानदारासही वायफाय पुरविता यावे, यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. तीत अशा दुकानदारास वेगळा परवाना काढावा लागत नाही. आपण घेतलेली जोडणी या कामी वापरता येईल काय, हे पुरवठादाराकडून लेखी विचारून घ्यावे.

परवाना व फसवणूक

भारतात उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यास केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. २०२१ मध्ये स्टारलिंकने परवान्यापूर्वीच लोकांकडून आगाऊ नोंदणी घेतली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने जनतेस ही नोंदणी न करण्याचा इशारा दिला आणि पुढे कंपनीस पैसे परत करावे लागले. जून २०२५ मध्ये तिला परवाना मिळाला. वनवेब व जिओ यांच्या उपग्रह सेवांस तो त्यापूर्वीच मिळाला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील शासकीय संस्था व दुर्गम वस्त्या जोडण्याचा उद्देश होता.

परंतु परवाना म्हणजे सेवा नव्हे आणि इरादापत्र म्हणजे घरची जोडणी नव्हे. परवान्यानंतरही लहरींचे वाटप, सुरक्षाविषयक चाचण्या व भूकेंद्रांची उभारणी या पायऱ्या असतात. डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकच्या भारतीय संकेतस्थळावर यंत्रास ३४,००० रुपये व दरमहा ८,६०० रुपये असे दर झळकले. ते चाचणीचे आकडे असून चुकीने दिसल्याचे कंपनीने लगेच कळविले. संकेतस्थळावर दिसलेल्या आकड्याचीही जेथे ही गत, तेथे दारी आलेल्या दलालाच्या तोंडी आकड्याचा भरवसा काय धरावा?

म्हणून पुढील नियम पाळावेत. आपल्या पत्त्यावर सेवा प्रत्यक्ष चालू आहे अशी खात्री झाल्यावाचून एक रुपयाही आगाऊ देऊ नये. पैसे पुरवठादाराच्या अधिकृत खात्यातच भरावेत व पावती घ्यावी. परदेशातून कोणी आणलेली छत्री स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे गुन्हा आहे. सेवा समाधानकारक न वाटल्यास यंत्र किती दिवसांत परत घेतात आणि पाड्यावर दुरुस्तीस कोण येतो, या दोन गोष्टी करारात वाचून घ्याव्यात. जोडणीसाठी ओळखपत्र द्यावे लागते. पण मोबाईलवर आलेला ओटीपी मात्र कोणासही सांगू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

कृषी व ग्रामपंचायतीच्या कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या हद्दीतील पाड्यांची यादी करावी. प्रत्येक पाड्यापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : तार किती अंतरावर आहे, रेंज कोठे व कोणत्या कंपनीची मिळते आणि शाळेसमोर किंवा देवळापुढे मोकळे आकाश किती आहे. हे काम एका फेरीत होण्याजोगे आहे. या यादीवरून कोणत्या पाड्यास तारेसाठी पाठपुरावा करावयाचा, कोणत्या पाड्यास अँटेना पुरेल आणि कोणत्या पाड्यास खरोखरच उपग्रहावाचून उपाय नाही, हे उघड होईल. शेवटच्या वर्गातील पाडे थोडेच निघतील. परंतु जे निघतील त्यांची मागणी ग्रामसभेत ठरावाने नोंदवून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावी. ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांचा या सेवेवर पहिला हक्क आहे.

तारेजवळच्या शेतकऱ्याने तार घ्यावी, टॉवरजवळच्याने अँटेना उभारावा आणि डोंगराआडच्या पाड्याने एकत्र येऊन एक छत्री घ्यावी. इंटरनेट कोणत्या वाटेने आले यास महत्त्व नाही. पिकाची नोंद मुदतीत व्हावी आणि त्यासाठी शेतकऱ्याचा एकही दिवस टेकडीवर रेंज शोधण्यात जाऊ नये, हे महत्त्वाचे आहे.